पैठणचं पाणी

आमच्या आईनं समुद्र कधी पाहिलेला नाही आणि आता तो पाहायचाही नाही, असं तिनं ठरवून टाकलं आहे. टीव्हीवर नुसत्या लाटा दिसल्या तरी ती रिमोट शोधते, आणि रिमोट सापडला नाही तर उठून सरळ बटण बंद करते. मी तिला काही म्हणत नाही. माझं स्वतःचंच डोकं एवढं थंड नाही की दुसऱ्याला शहाणपण शिकवावं.

माझा धाकटा भाऊ शिवराज जहाजावर खलाशी होता. आम्ही मूळचे बिडकीनचे. शेत कंपन्यांच्या पट्ट्यात गेलं तेव्हा इथं संभाजीनगरात, पुंडलिकनगरला, घर बांधून राहिलो. आमच्या घराण्यात जायकवाडीच्या धरणापेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि या पठ्ठ्यानं बारावी झाल्यावर जाहीर केलं की मी दर्यावर जाणार. अण्णा म्हणाले, "बापाला विहिरीत पोहता येत नाय अन् पोरगं समुद्रात निघालंय. आडात नाय ते पोहऱ्यात कुठून आलं म्हणायचं?" पण बोलताना ते हसत होते. शिवाला कुणी अडवलं नाही, कारण त्याला अडवता येत नसे.

पहिल्यांदा निघाला तेव्हा आई पैठणला जाऊन एक बाटली भरून घेऊन आली. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. बूच घट्ट बसवून त्यावर मेण ओतलं आणि मानेला लाल दोरा बांधला. शिवा हसून हसून पलंगावर लोळला.

"माय, मी सालभर पाण्यावरच ऱ्हाणार, अन् तू मला पाणी बांधून द्यायलीस?"

"खाऱ्या पाण्यानं कुणाची तहान भागलीय का बाबा? असू दे बॅगंत. वेळवखत काय सांगून येतो का?"

दर खेपेला तो ती बाटली घेऊन जायचा आणि तशीच परत आणायचा. बॅग उघडल्यावर लाल दोरा दिसला की आईचा चेहरा उजळायचा.

तो परत यायचा तेव्हा तर वेगळाच सोहळा असायचा. लांबून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा आणि मग त्याला घरात घ्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. मी पुण्याला जाऊन आले तर आई आतूनच ओरडते, "दार लोटून घे गं." शिवासाठी मात्र तिनं कधी चुकवलं नाही. मे महिन्याच्या उन्हात हा आपला पाठीवर पोत्याएवढी बॅग आणि हातात बूट घेऊन फाटकाबाहेर नाचतोय, "माय, लवकर कर, पाय भाजायलेत!" आणि समोरच्या वच्छलाबाई गॅलरीतून विचारतायत, "अगं रत्नमाला, पोरगं आलंय का नवरी आलीय?" आईला त्याचं काही नसे. ती तांब्या सावकाश तिरपा करायची, दोन्ही पायांवर सारखं पाणी पडेल असा.

"घरचं पाणी पायाला लागल्याबिगर तू आला असं मी धरतच नाय," ती म्हणायची.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. पणत्या अजून ओट्यावरच होत्या. माझ्या मोबाइलवर लांबलचक नंबर आला आणि एक परका माणूस हळूहळू, शब्द निवडून इंग्रजी बोलू लागला. ते शिवाच्या जहाजाचे कॅप्टन होते. शिवाचं पोट दुखायला लागलं, आत काहीतरी फुटलं, ताप चढत गेला. जवळ बंदर नव्हतं, हेलिकॉप्टर पोचेल एवढाही किनारा जवळ नव्हता. पहाटे तो गेला. मी सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी मूर्खासारखं विचारलं, "मग आता कसा आहे तो?"

संध्याकाळी पुन्हा फोन आला, तोवर घर माणसांनी भरलं होतं. कॅप्टन म्हणाले, जहाजावरची थंड खोली बिघडली आहे आणि पुढचं बंदर दोन आठवड्यांच्या वाटेवर आहे. देह तोवर राहणार नाही. दर्यावर्दी लोकांची जुनी रीत आहे, तिच्याप्रमाणे आम्ही त्याला मानानं समुद्राच्या स्वाधीन करू, पण घरच्यांचा होकार पाहिजे. मी क्लासमध्ये पोरांना इंग्रजी शिकवते. त्या दिवशी मी आमच्याच घरात, आमच्याच माणसांना, ते इंग्रजी मराठीत करून सांगत होते.

अण्णांचे थोरले भाऊ, आमचे सांडूआबा, पाचोडहून आले होते. ते उठून उभे राहिले.

"पाण्यात माती? असं कुठं असतंय का? पोरगं घरी आणा म्हणावं त्याला. मायबापानं तोंड बघितल्याबिगर कोणाची माती होत नसती."

"आबा, आणता आलं असतं तर त्यांनी विचारलं असतं का?" मी ओरडले. मोठ्यांवर ओरडायची वेळ नव्हती, पण माझा आवाज माझ्या ताब्यात नव्हता. अण्णा दोन्ही गुडघे धरून बसले होते. ते हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. तिकडे फोनवर कॅप्टन वाट पाहत होते.

शेवटी आई उठली आणि तिनं माझ्या हातातून मोबाइल घेतला.

"साहेब, तिथं मराठी बोलणारं कोणी हाय का?"

थोडी खुडबुड झाली आणि एक तरुण आवाज आला, "काकू, मी हिमांशू. शिवा आणि मी एकाच खोलीत राहायचो."

"शिवाच्या बॅगंत एक बाटली हाय बाबा. लाल दोऱ्याची."

"माहीत आहे, काकू."

"त्यातलं पाणी त्याच्या तोंडात घाल. घोटभर. माझ्या हातानं घालायचं होतं, ते तू घाल. माझं लेकरू तहानलेलं धाडू नका. येवढं कबूल असंल तर माझी ना नाय."

"घालतो, काकू."

दुसऱ्या दिवशी आईनं मलाच फोन लावायला लावला. तिचा एकच प्रश्न होता. "घातलं का रे पाणी?"

"घातलं, काकू."

"तोंडात?"

जहाजावरून बोलताना आवाज मधेच अडकतो, तसा तेव्हाही अडकला. मग तो म्हणाला, "हो काकू. तोंडात."

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तिसऱ्या दिवशी लोक राख सावडायला जातात. आमच्याकडे सावडायला काहीच नव्हतं, म्हणून आलेली माणसं नुसती बसून राहिली. जालन्याच्या एका पाहुण्यानं समुद्रातल्या माशांबद्दल काहीतरी विचारलं. मी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि त्याला दाराबाहेरच्या त्याच्या चपला दाखवल्या. पैठणच्या घाटावर गुरुजींनी दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी दिला. देह मिळाला नाही की तसं करतात. आई त्याच्याजवळसुद्धा गेली नाही. "गवत कामून जाळायलेत?" एवढंच ती माझ्या कानाशी बोलली.

ती रडली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. भेटायला येणाऱ्या बायका तिला रडवायचा प्रयत्न करून बेजार झाल्या. ती प्रत्येकीला तेच सांगायची, "लई वाईट झालं, पण पाणी पिऊन गेला बरं का माझा शिवा. पैठणचं पाणी पिऊन गेला." भाजीवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, सिडकोच्या डॉक्टरांना रक्तदाब तपासताना सांगितलं. त्या एका घोटावर ती उभी होती. अण्णांचं वेगळंच चाललं होतं. कॅप्टननं कळवलेली जागा मी त्यांना मोबाइलच्या नकाशात काढून दिली होती. ते जेवण झालं की कोपऱ्यात बसून दोन बोटांनी तो नकाशा मोठा करत राहायचे. कितीही मोठा केला तरी निळाच.

मे महिन्यात हिमांशूचा फोन आला. तो सुट्टीवर उतरला होता आणि शिवाचं सामान घेऊन स्वतः येणार होता. कंपनी कुरिअरनं पाठवते म्हणत होती, तो नको म्हणाला.

मी स्कूटी घेऊन स्टेशनवर गेले. लांबूनच ओळखलं, कारण पाठीवर शिवाची बॅग होती. क्षणभर मला त्या पोराचा राग आला, की ही बॅग आहे आणि हिच्याखाली हा कोण दुसराच. मी म्हटलं, बस. तो म्हणाला, "ताई, घरी जायच्या आधी जरा कुठंतरी थांबू या का?"

जालना रोडला एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. चहा घेतला आणि तो न पिताच बोलायला लागला.

शिवाला जाड कॅनव्हासमध्ये शिवलं होतं. जहाजावरच्या सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, कुणाला हात लावू दिला नाही. एकट्यानं बसून टाके घातले, आणि घालताना तो शिवाशी बोलत होता. तळाला जावा म्हणून पायाकडे साखळीचे जड तुकडे घातले. फळीवर ठेवून वर झेंडा अंथरला. फुलं नव्हती, म्हणून स्वयंपाक्यानं कागदाची कापून हार केला. मग इंजिन बंद केलं. "ताई, चालत्या जहाजाचा आवाज आम्हाला कधी ऐकूच येत नाही. तो थांबतो तेव्हाच कळतं," तो म्हणाला. सगळे खलाशी ओळीनं उभे राहिले. कॅप्टननं टोपी काढली. फळी उचलतात तेव्हा झेंडा सोडत नाहीत. कडेचे लोक तो घट्ट धरून ठेवतात. माणूस खालून जातो आणि झेंडा हातात राहतो. नंतर जहाजानं त्या जागेभोवती एक फेरा घातला आणि लांबलचक भोंगा दिला.

"तो झेंडा मी आणलाय," तो म्हणाला. "पण ताई, पाणी…"

"काय पाणी?"

"मी बाटली घेऊन पोचलो तोवर शिवून झालं होतं. मी कॅप्टनच्या पाया पडलो, तोंडाजवळचे दोन टाके उसवू द्या म्हणालो. ते म्हणाले, एकदा शिवलं की उघडत नाहीत. वरून घाल म्हणाले. मी झेंड्याचा कोपरा वर केला आणि तोंडाच्या जागी सगळं पाणी ओतलं. माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, ताई. मला वाटलं समुद्राकडच्या बाजूला डोकं असणार. फळी उचलली तेव्हा त्याच बाजूनं साखळी वाजली." त्यानं कप खाली ठेवला. "ते पाय होते. तोवर बाटली रिकामी झाली होती."

 मग मी जे बोलले ते चांगलं बोलले नाही. म्हटलं, "हिमांशू, नीट ऐक. माझी आई त्या एका घोटावर जगतेय. तू आज जर तिच्यासमोर हे बोललास तर मी तुला आयुष्यभर माफ करणार नाही. तिनं विचारलं तर म्हणायचं, तोंडात घातलं. कळलं?"

"सहा महिने तेच म्हणतोय, ताई. जेवताना घास उतरत नाही."

"मग उपाशी राहा," मी म्हणाले आणि स्कूटी चालू केली.

आई फाटकातच उभी होती. तिची नजर आधी बॅगवर गेली, मग पोरावर. हिमांशू वाकून पाया पडायला लागला तर तिनं त्याला दंडाला धरून ओढतच आत नेलं, उन्हाचा आलास म्हणाली, फॅनखाली बसवलं. मी मागून दार लावून घेतलं.

त्यानं घडी केलेला झेंडा अण्णांच्या हातात दिला. अण्णांना तो कुठं ठेवावा कळेना. पाटावर ठेवला, पुन्हा उचलला, शेवटी मांडीवर घेऊन बसले. आईनं बॅग उघडली. शिवाचे कपडे ती एकेक काढून वास घेऊन ठेवत होती. तळाशी बाटली निघाली. लाल दोरा तसाच होता, रंग तेवढा उडाला होता. आईनं बाटली उजेडात धरली, मग उलटी करून तळहातावर झटकली. एक थेंब पडला नाही.

तिनं मान वर केली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू दिसलं.

"समदं पिला का रे?" ती म्हणाली. "मी घोटभर म्हणले होते. समदं पिला लेकरानं?"

मी हिमांशूकडे डोळे वटारून पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो खुर्चीवरून खाली फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"नाही पिला, काकू. मी खोटं बोललो. तोंड शिवलेलं होतं. मी वरून ओतलं, पण चुकलो. पायांवर पडलं. सगळं पायांवर पडलं, काकू. मला मारा."

 मला त्या पोराचा गळा धरावासा वाटला आणि त्याच्याशेजारी बसून रडावंसंही वाटलं. अण्णा म्हणाले, "रत्ना…" आईनं हातानंच त्यांना थांबवलं. ती बाटलीकडे पाहत होती.

"पायावर?" तिनं विचारलं.

"हो, काकू."

"दोन्ही पायावर?"

"दोन्ही. कापड भिजून पायांना चिकटलं होतं."

"अन् हेच पाणी. घरचं. मी भरलेलं."

"हो."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिची नजर दाराकडे गेली.

"सायली, दार कामून लावलंय?"

"ऊन आहे, आई."

"उघड."

मी उघडलं. बाहेर फाटकापर्यंत पांढरं ऊन पडलं होतं आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. आई दारात जाऊन उभी राहिली. मग ती जे बोलली ते अगदी हळू बोलली, स्वतःशीच हिशेब लावल्यासारखं.

"पायाला घरचं पाणी लागलं म्हंजी तो आला. तव्हाच आला. अन् आपुन काय केलं? दार लावून बसलाव. पाहुण्यांना च्या पाजत बसलाव." तिचा आवाज चिरकला. "दिवाळीपासून दारात उभं हाय माझं लेकरू. पाय भाजले असतील त्याचे. कोणी आत घेतलं नाय गं त्याला. मी बी नाय घेतलं."

"आई, असं नको म्हणू," मी म्हणाले, पण ती आत निघून गेली होती. डब्याचं झाकण वाजलं. ती भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली आणि अनवाणीच फाटकापाशी गेली. शिवा आईपेक्षा हातभर उंच होता. ओवाळताना तिला नेहमी टाचा उंच कराव्या लागत. तशा टाचा उंच करून, हात वर नेऊन, तिनं तो तुकडा रिकाम्या उन्हावरून तीनदा ओवाळला आणि उजव्या बाजूला टाकला. वच्छलाबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी पाहिलं आणि ओला कपडा तसाच तोंडाला लावला.

"ये बाबा," आई म्हणाली. "लई उशीर केला मायनं. ये आत."

आणि मग ती रडली. फाटक धरून, वाकून, पोटातून आवाज काढत रडली. सहा महिन्यांचं एकदम. हिमांशू धावत गेला आणि त्यानं तिला सावरलं. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती, पण एक हात मागे वळवून फाटक सताड उघडं धरून होती.

अण्णा झेंडा छातीशी घेऊन दारात उभे होते. त्यांनी अंग चोरलं आणि वाट दिली. शिवाची बॅग मध्येच पडली होती, ती मी उचलून बाजूला ठेवली.